विचारा बिनधास्त : साहेब नक्की कुणाचे?

मागच्या अंकात स्तेफान एसेल या फ्रेंच डिप्लोमॅटवर अर्धं पान टाकलं होतं. खरं सांगायचं तर शेवटच्या क्षणी एक जाहिरात रद्द झाली म्हणून जागा उरली होती, आणि त्या अर्ध्या पानावर एवढी पत्रं नि मेसेज येतील असं अजिबात वाटलं नव्हतं. ज्यांनी ते वाचलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: जन्म १९१७, बर्लिन, वाढला पॅरिसला, दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या छळछावणीतून जिवंत सुटला, मग १९४६ पासून कधी युनोत तर कधी फ्रान्सच्या परराष्ट्र खात्यात अशी नोकरी केली, त्र्याण्णवाव्या वर्षी एक चिमुकली पुस्तिका काढून जगभर गाजला आणि २०१३ ला गेला. आता तुमचे प्रश्न. दोन-तीन सारखेच होते ते एकत्र केलेत, आणि काहींची भाषा जरा मऊ केलीये (कोल्हापूरकर, तुमचीच).

प्रश्न (नाशिक) : तुम्ही एसेल लिहिलंय, इंटरनेटवर सगळीकडे हेसेल दिसतं. तुमचं चुकलंय का?

नाही हो. स्पेलिंगमध्ये ह आहे पण फ्रेंच लोक सुरुवातीचा ह गिळतात, म्हणून पॅरिसात तो एसेल. त्याच्या वडिलांना मात्र बर्लिनमध्ये लोक हेसेलच म्हणायचे. वडील फ्रान्त्स हेसेल, लेखक, ज्यू घराण्यातले, आई हेलेन पत्रकार. या दोघांचं आणि त्यांच्या एका फ्रेंच मित्राचं जे प्रेमप्रकरण झालं त्यावर त्या मित्राने म्हातारपणी कादंबरी लिहिली आणि १९६२ ला तिचा सिनेमा आला, फ्रेंच सिनेमाचे शौकीन ओळखतील कुठला ते. म्हणजे ज्या घरात जगापासून काहीच लपवायचं नसतं अशा घरातला हा मुलगा. सात-आठ वर्षांचा असताना पॅरिसला आला, विशीच्या आसपास फ्रेंच नागरिक झाला. तुम्ही काहीही म्हणा, चालेल.

प्रश्न (पुणे) : माझी मुलगी बीए करतेय, म्हणते मला युनोत जायचंय. म्हणजे ती भारताची राजदूत वगैरे होणार ना? की दोन्ही वेगळं? आम्हाला घरात कुणालाच यातलं कळत नाही.

काका, एकदम वेगळं, आणि हा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं केलंत कारण या सगळ्या विषयाची मेख इथेच आहे. तुमच्या सोसायटीत चार विंग आहेत असं धरा. ब विंगने पाठवलेला कमिटी मेंबर मीटिंगमध्ये भांडतो कुणासाठी तर ब विंगसाठी, आमच्याकडे चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही, आधी आमची मोटर बदला. ते त्याचं कामच आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि सोसायटीने पगार देऊन ठेवलेला मॅनेजर असतो, तो समजा राहतोही ब विंगमध्येच, घरचे सकाळसंध्याकाळ त्याचं डोकं खातात की आपल्याकडे जास्त पाणी सोड, तरी त्याने व्हॉल्व्ह सगळ्यांना सारखाच फिरवायचा. राजदूत म्हणजे तो कमिटी मेंबर. युनोचा अधिकारी म्हणजे मॅनेजर.

हे मी मनाचं सांगत नाहीये, युनोच्या सनदेत कलम १०० आहे, त्यात लिहिलंय की महासचिव आणि त्यांचा स्टाफ यांनी कुठल्याही सरकारकडून आदेश मागायचे नाहीत आणि आले तर घ्यायचे नाहीत. त्याच कलमात पुढे सरकारांनाही बजावलंय की या लोकांवर दबाव आणायचा नाही. पुढचं कलम १०१ सांगतं की भरती करताना लायकी आणि सचोटी आधी बघा, आणि जगाच्या शक्य तितक्या भागांतून माणसं घ्या. म्हणजे तुमची मुलगी युनोत लागली तर ती भारतीयच राहील, पासपोर्ट भारताचाच, पण ऑफिसात बसल्यावर दिल्लीचा फोन आला की ताई जरा आपलं बघा, तर तिने गोड आवाजात सॉरी म्हणायचं. आणि तिला राजदूतच व्हायचं असेल तर रस्ता वेगळा, यूपीएससी देऊन फॉरेन सर्व्हिस.

एसेलची गंमत अशी की तो या दोन खुर्च्यांवर आयुष्यभर आलटून पालटून बसला. १९४५ ला परीक्षा देऊन परराष्ट्र खात्यात लागला, पहिलं पोस्टिंग चीन, वाटेत १९४६ ला न्यूयॉर्कला उतरला, तिथे युनो नुकती उभी राहत होती, टेबलखुर्च्या लागत होत्या, आणि आन्री लोजिए नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ तिथे सहाय्यक महासचिव होते त्यांनी याला आपल्या ऑफिसचा प्रमुख म्हणून ठेवून घेतलं, चीन राहिलं बाजूला. पाच वर्षांनी परत पॅरिस. १९५४ ला पंतप्रधान मांदेस-फ्रान्सच्या ऑफिसात, म्हणजे फ्रान्स इंडोचायनातून बाहेर पडत होता तेव्हा, लगेच १९५५ ते ५७ व्हिएतनाममधलं सायगॉन. १९६४ पासून काही वर्षं अल्जीअर्स, म्हणजे अल्जेरिया स्वतंत्र होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, फ्रेंच माणसाकडे तिथे कुणी प्रेमाने बघत असेल असं नाही. १९७० ला पुन्हा न्यूयॉर्क, यूएनडीपीत, म्हणजे युनोच्या विकास कार्यक्रमात. आणि १९७७ ते ८१ जिनिव्हाला, पण या वेळी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, युनोतला फ्रान्सचा राजदूत म्हणून. मॅनेजर, कमिटी मेंबर, परत मॅनेजर, परत कमिटी मेंबर. १९८१ ला त्याला फ्रान्सचा राजदूत हा किताब मिळाला, हा हुद्दा नाही, मरेपर्यंत लावता येणारा मान आहे आणि तो फार थोड्यांना देतात.

प्रश्न (ठाणे) : तुम्ही लिहिलंत की मानवी हक्कांचा जाहीरनामा एसेल यांनी लिहिला. मी वाचलं की रेने कासँ यांनी लिहिला. कुठेतरी एका कॅनेडियन माणसाचं नाव आहे. खरं काय?

चूक माझी, कान पकडतो. घाईत ‘लेखकांपैकी एक’ असं लिहून मोकळा झालो, जसं जगभरचे पेपर लिहितात. आणि गंमत म्हणजे स्वतः एसेल म्हातारपणी मुलाखतींमध्ये ही चूक दुरुस्त करत बसायचा, की अहो मी तिथे होतो, बैठकांना बसायचो, ऐकायचो, पण मसुदा मी लिहिलेला नाही. लोक ऐकायचे नाहीत. मीही ऐकलं नाही म्हणा.

तर झालं असं. युनोने मानवी हक्क आयोग नेमला, अध्यक्ष एलिनॉर रुझवेल्ट, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची विधवा, सोबत चीनचे पी. सी. चँग, लेबनॉनचे चार्ल्स मलिक अशी तगडी मंडळी. पहिला कच्चा मसुदा केला जॉन हम्फ्री या कॅनेडियन माणसाने, तो युनोच्या मानवी हक्क विभागाचा डायरेक्टर, म्हणजे पगारी नोकर, मॅनेजर. त्यावरून दुसरा मसुदा केला फ्रान्सचे प्रतिनिधी रेने कासँ यांनी. पुढे १९६८ ला शांततेचं नोबेल कासँना मिळालं आणि हम्फ्रीचं नाव बरीच वर्षं कुणाला माहीतही नव्हतं. पगारी नोकराच्या नशिबी हेच असतं बहुतेक, फाइल तयार करायची आणि फोटोत मागे उभं राहायचं.

कासँची एक गोष्ट मात्र एसेल नेहमी सांगायचा. मूळ नाव ‘आंतरराष्ट्रीय जाहीरनामा’ असं होतं, कासँ अडून बसले की आंतरराष्ट्रीय नको, ‘वैश्विक’ म्हणा. वरवर बघितलं तर शब्दाचा कीस. पण नीट बघा, आंतरराष्ट्रीय म्हणजे राष्ट्राराष्ट्रांमधलं, सरकारांनी एकमेकांशी केलेलं. वैश्विक म्हणजे माणूस कुठल्या सरकारच्या ताब्यात आहे हे न विचारता त्याचं. ज्या माणसाला त्याच्याच सरकारने गाडीत घालून छावणीत पाठवलं त्याला ‘आंतरराष्ट्रीय’चा काय उपयोग.

आणि शब्दांचा विषय निघालाच आहे तर आपल्या हंसाबेन मेहता राहून जायला नकोत. जन्म सुरतेचा, पण १९३७ ला मुंबईच्या विधान परिषदेत होत्या आणि संविधान सभेतही मुंबईतूनच गेल्या. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री देशातल्या स्त्रियांच्या वतीने सभागृहाला तिरंगा देणाऱ्या त्या याच. त्या आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या. कलम १ च्या मसुद्यात होतं की ‘सर्व पुरुष स्वतंत्र जन्माला येतात’ अशा अर्थाचं इंग्रजी, रुझवेल्टबाईंचं म्हणणं की त्या शब्दात बायका धरलेल्याच असतात. हंसाबेन म्हणाल्या नाही चालणार, उद्या कुणीही त्याचा शब्दशः अर्थ काढेल, आणि तिथे ‘सर्व मानव’ असं झालं. मराठीत हा वाद झालाच नसता, आपल्याकडे माणूस म्हटलं की दोघंही आले (निदान व्याकरणात तरी).

१० डिसेंबर १९४८ ला पॅरिसच्या पॅले द शायोमध्ये मतदान झालं, ४८ बाजूने, विरोधात शून्य, ८ तटस्थ. तटस्थांमध्ये सोव्हिएत गटातले सहा देश, सौदी अरेबिया आणि वर्णभेदवाला दक्षिण आफ्रिका. भारत बाजूने. एसेल तेव्हा एकतीस वर्षांचा होता.

प्रश्न (कोल्हापूर) : असल्या ‘विश्वाच्या’ नोकरांचा काही भरवसा असतो का? वेळ आली की हे लोक स्वतःच्या देशाचं नाहीतर स्वतःचं बघणार. देश सोडून निष्ठा कुणाशी असते का कुणाची?

तुमचा राग कळतो, आणि सांगायला वाईट वाटतं पण तुमच्या बाजूचं सगळ्यात चांगलं उदाहरण मीच देतो, आणि तेही फ्रेंचच आहे. जोसेफ अव्हनोल.

युनोच्या आधी लीग ऑफ नेशन्स होती, १९२० पासून जिनिव्हाला. तिचे पहिले महासचिव ब्रिटिश, सर एरिक ड्रमंड. ब्रिटिशानंतर फ्रेंच येणार असं सुरुवातीलाच आतल्या आत ठरलेलं. दोन नंबरच्या खुर्चीत आधी ज्याँ मोने होते, हो तेच, पुढे ज्यांना युरोपियन युनियनचे जनक म्हणतात ते, ते १९२३ ला घरचा धंदा बुडत होता म्हणून सोडून गेले (घरचा धंदा कोन्याकचा, दारूचा) आणि त्यांच्या जागी आले अव्हनोल, फ्रेंच अर्थखात्यातले इन्स्पेक्टर. हिशोबाला पक्का माणूस. दहा वर्षं दोन नंबरला राहून १९३३ ला महासचिव झाले. ड्रमंड लीग सोडून कुठे गेले विचाराल तर ब्रिटनचे राजदूत म्हणून रोमला, मुसोलिनीच्या दारात. तेव्हा खुर्च्या बदलणं चालायचंच.

मग १९३५ ला मुसोलिनीने अ‍ॅबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथियोपियावर, हल्ला केला. दोघंही लीगचे सभासद. १९३६ च्या जूनमध्ये सम्राट हैले सेलासी जिनिव्हाला येऊन लीगपुढे उभे राहून बोलले, इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या मारल्या त्या भाषणात. आणि सप्टेंबरात हे महासचिव कुठे तर रोमला, मुसोलिनीला भेटायला, की काहीही करा पण लीग सोडू नका, इथियोपियाच्या प्रतिनिधींना बसू न देता येईल का ते बघतो. म्हणजे ज्याच्या घरावर दरोडा पडला त्यालाच मीटिंगमधून बाहेर काढायची खटपट. ती जमली नाही, सभेने इथियोपियाला बसू दिलं, आणि इटलीने १९३७ ला लीग सोडली ती सोडलीच.

पण कळस १९४० ला. जूनमध्ये फ्रान्स पडला, मार्शल पेतँचं विशी सरकार आलं, हिटलरशी जमवून घेणारं. आणि लीगचे महासचिव, ज्यांची निष्ठा सगळ्या सभासद देशांशी असायला हवी, त्यांनी विशीला पत्र लिहून कळवलं की मी आपल्या सेवेला हजर आहे. स्टाफला आधीच नारळ दिलेला, नव्याकोऱ्या राजवाड्यासारख्या इमारतीत शुकशुकाट. गंमत बघा, विशीलाही ते नको होते. शेवटी राजीनामा देऊन ऑगस्टअखेर गेले, आणि उरलेलं घर सांभाळायला आयर्लंडचे शॉन लेस्टर राहिले, त्यांनी मूठभर लोकांना घेऊन अख्खं युद्ध जिनिव्हात काढलं, दिवा विझू दिला नाही.

तर कोल्हापूरकर, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, असे लोक असतात. पण अव्हनोलची गोची बघा, त्याला देशाशी निष्ठा ठेवायची होती म्हणून तो वाईट ठरला असं मला वाटत नाही, त्याने त्या खुर्चीत बसून ती ठेवली आणि ‘देश’ म्हणजे त्या आठवड्यात जो सत्तेवर बसलाय तो, असा हिशोब केला हे वाईट. त्याच महिन्यांत बावीस वर्षांचा एसेल फ्रेंच सैन्यात होता, पकडला गेला, पळाला, विशीला जुमानलं नाही आणि १९४१ ला लंडनला, तिथून लढा चालवणाऱ्या फ्रेंच सेनानी द गॉलकडे जाऊन पोचला. जन्माने जर्मन, कागदावर फ्रेंच होऊन दोन-चार वर्षं झालेली. देश कुणाला जास्त कळला होता तुम्हीच सांगा. आणि चाळीसेक वर्षांनी अव्हनोलच्या त्याच इमारतीत, पॅले दे नास्यों तिचं नाव, फ्रान्सचा राजदूत म्हणून हाच एसेल जा-ये करत होता, हे मला फार आवडतं.

प्रश्न (अमरावती) : दादा, तो छावणीतून सुटला कसा ते तुम्ही एका ओळीत उरकलंत. सविस्तर सांगा ना.

सांगतो, पण जेवताना वाचू नकोस.

१९४४ च्या मार्चमध्ये द गॉलच्या गुप्तहेर खात्याने त्याला जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये उतरवलं, काम होतं तिथल्या वायरलेसवाल्यांची घडी बसवायची. १० जुलैला पॅरिसात गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, पकडलं. टबात बुडवून बुडवून चौकशी झाली. ऑगस्टमध्ये सदतीस जणांच्या तुकडीत बुखेनवाल्डच्या छळछावणीत रवानगी, सगळे दोस्त राष्ट्रांचे एजंट, म्हणजे कधीतरी मारायचेच होते. सप्टेंबरात एकदा सोळा नावं पुकारली, ते लोक परत आले नाहीत. फासावर दिलं त्यांना.

त्या छावणीत टायफसचा वॉर्ड होता, ब्लॉक ४६, तिथे एसएसचे, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाचे, डॉक्टर कैद्यांवर प्रयोग करत. त्या डॉक्टरचा कारकून म्हणून ऑयगेन कोगोन नावाचा एक कैदी काम करायचा, ऑस्ट्रियाशी संबंध असलेला, अतिशय हुशार माणूस. जर्मनी हरणार हे तोपर्यंत डॉक्टरलाही दिसायला लागलं होतं, कोगोनने त्याला पटवलं की दोन-तीन जणांना वाचवू दिलंस तर उद्या तुझ्या बाजूने साक्ष द्यायला कुणीतरी असेल. युक्ती अशी की टायफसने एखादा फ्रेंच कैदी मेला की कागदावर एजंट मेला असं दाखवायचं आणि एजंटने त्या मेलेल्याचं नाव घेऊन जगायचं. वाचले तिघं. यो-टॉमस, पूलव्हे हे दोन ब्रिटिश एजंट आणि एसेल. आता यातलं भयंकर काय तर वाट बघणं. तू जगायचास तर तो दुसरा मरायला हवा, आणि तो तिथे पलीकडे तळमळतोय. मिशेल बोआतेल नावाचा तो तरुण ऑक्टोबरात गेला, एसेलच्या सत्ताविसाव्या वाढदिवसाच्या सुमाराला, आणि स्तेफान एसेल कागदोपत्री जाळला गेला.

पुढे बोआतेल म्हणून रॉटलेबेरोडच्या छावणीत, तिथून पळायचा प्रयत्न फसला, मग डोरा, जिथे जमिनीखाली रॉकेट बनवून घेत. एप्रिल १९४५ मध्ये कैद्यांना रेल्वेत कोंबून बेर्गेन-बेल्झन या दुसऱ्या छावणीकडे नेत होते, तेव्हा डब्याच्या फळ्या उचकटून हा खाली घसरला आणि चालत चालत हानोव्हरजवळ अमेरिकन सैन्यापर्यंत पोचला. सहा महिन्यांनी परराष्ट्र खात्याची परीक्षा. विचार कर, आपण तापातून उठलो तरी एटीकेटी मागतो.

प्रश्न (डोंबिवली) : पगार किती असतो हो या लोकांना? टॅक्स लागत नाही म्हणतात.

आलाच हा प्रश्न! आकडा हुद्द्यावर आणि पोस्टिंगच्या शहरावर ठरतो, त्यामुळे एक आकडा सांगण्यात अर्थ नाही, पण तत्त्व मजेशीर आहे आणि तेही एका फ्रेंच माणसाच्या नावाने चालतं, नोब्लमेर तत्त्व. १९२१ ला लीगमध्ये त्याच्या समितीने सांगितलं की जगातल्या ज्या देशाची सरकारी नोकरी सगळ्यात जास्त पगार देते तिच्याशी तुलना करून पगार ठरवा, नाहीतर त्या देशाचे चांगले लोक येणारच नाहीत. तेव्हा मापाला ब्रिटन होता, युनोत अमेरिकेची फेडरल सर्व्हिस आहे. टॅक्सचं म्हणाल तर युनो स्वतःच पगारातून एक कपात करते, स्टाफ असेसमेंट म्हणतात तिला, म्हणून बहुतेक देश वेगळा इन्कम टॅक्स लावत नाहीत. अमेरिका लावते.

प्रश्न (म्हापसा) : जन्मभर सरकारी पगार आणि पेन्शन खाऊन नव्वदीत बंड करायला काय जातंय? ‘संतापा’ म्हणे! नोकरीत असताना का नाही बोलले?

तुमचा टोमणा त्यालाही बऱ्याच जणांनी मारला होता. ती पुस्तिका, ‘अँदीन्ये-वू’, म्हणजे साधारण ‘संतापा की’, ऑक्टोबर २०१० मध्ये मोंपेलिएच्या एका छोट्या प्रकाशनाने काढली, जेमतेम बत्तीस पानं, किंमत तीन युरो, पहिली आवृत्ती आठ हजारांची. पॅरिसात तेव्हा तीन युरोत एक कॉफी यायची आणि वर थोडे सुट्टे उरायचे. आणि ती लाखोंनी खपली, कित्येक भाषांत गेली, पुढच्या मे महिन्यात माद्रिदच्या चौकात तंबू ठोकून बसलेल्या पोरांना ‘इंदिग्नादोस’ म्हणायला लागले, संतापलेले. माझं प्रामाणिक मत विचाराल तर पुस्तिका म्हणून ती काही फार खोल नाहीये. कशावर संतापायचं हे सांगते, पुढे काय करायचं याबद्दल हातचं राखून बोलते. हिंसा नको हे मात्र ठासून सांगते, आणि छावणीतून आलेल्या माणसाने ते सांगितलं म्हणून लोकांनी ऐकून घेतलं. गाझाबद्दलचं त्याचं लिखाण आणि इस्रायलवरच्या बहिष्काराला त्याने दिलेला पाठिंबा यावरून फ्रान्समध्ये जोरदार वाद झाला, २०११ च्या जानेवारीत तो जिथे शिकला त्या एकोल नॉर्मालमधलीच त्याची सभा रद्द झाली. सगळ्यांनी आरती ओवाळली असं काही नाही.

पण नव्वदीतच तोंड उघडलं हे खरं नाही. १९९६ चं घ्या, त्र्याण्णव नाही, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. कागदपत्रं नसलेले सुमारे तीनशे आफ्रिकन लोक, बायकापोरांसकट, पॅरिसच्या सँ-बेर्नार चर्चमध्ये जाऊन बसले की आम्हाला राहायचे कागद द्या. मध्यस्थी करायला नामवंतांची एक समिती झाली, त्यात हे राजदूतसाहेब. आयुष्यभर कमावलेली सगळी डिप्लोमसी लावली, मंत्रालयाचे उंबरे झिजवले, निकष लिहून दिले. २३ ऑगस्टला पोलिसांनी कुऱ्हाडीने चर्चचं दार फोडलं आणि सगळ्यांना उचललं. म्हणजे मध्यस्थी साफ आपटली. मला विचाराल तर त्याच्या करिअरमधलं हेच पान सगळ्यात वाचण्यासारखं आहे, कारण जाहीरनाम्यात कासँनी घातलेला तो ‘वैश्विक’ शब्द आणि सरकारचं कागदपत्र मागणारं टेबल, या दोघांच्या मधे तो तिथे अक्षरशः उभा होता, आणि जिंकलं टेबल.

नोकरीत असताना का नाही बोलला याचं उत्तर मात्र सोपं आहे. राजदूत जाहीर बोलायला लागला तर दुसऱ्या दिवशी तो राजदूत नसतो. १९५८ ला मित्रांबरोबर क्लब ज्याँ मूलाँ नावाचा एक विचार-कट्टा काढला होता, राजकारणावर लिहायचे तिथे, पण ते बिननावाने. सरकारी माणूस जेवढं करू शकतो तेवढं.

प्रश्न (पुणे, तेच काका) : आधीच्या मेसेजमध्ये राहिलं. मुलीला फ्रेंचचा क्लास लावू का? की इंग्रजी बास?

लावा. युनोच्या अधिकृत भाषा सहा आहेत पण सचिवालयाच्या कामकाजाच्या दोनच, इंग्रजी आणि फ्रेंच. तरुणांसाठी त्यांची एक परीक्षा असते, यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅम, वय बत्तीसपर्यंत आणि पदवी हवी, त्यातही या दोनपैकी एक भाषा अस्खलित लागते. फक्त एक करा, त्या वर्षी भाग घेणाऱ्या देशांच्या यादीत आपला देश आहे का ते आधी बघा, यादी दरवर्षी बदलते, आणि फॉर्म भरल्यावर कळलं तर घरात वातावरण तापतं. इंग्रजीवर नोकरी लागते, पण महासचिवपदापर्यंत जायचं मनात असेल तर फ्रेंच हवीच, त्या नेमणुकीत फ्रान्सकडे व्हेटो, म्हणजे नकाराधिकार, आहे आणि ते लोक भाषेच्या बाबतीत आपल्यापेक्षा जास्त हळवे आहेत.

आणि क्लासमध्ये व्याकरणासोबत कविता पाठ करायला सांगा तिला. एसेलला जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतल्या ढीगभर कविता तोंडपाठ होत्या, छावणीत त्यावरच तगलो असं सांगायचा, आणि अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्याने पाठ असलेल्या अठ्ठ्याऐंशी कवितांचं पुस्तक काढलं. मुलाखत घ्यायला आलेल्या पत्रकारालाही मधेच एखादी म्हणून दाखवायचा, हात वर करून, डोळे मिटून, पत्रकार बिचारा रेकॉर्डर धरून बसलेला.